पळीचा घास

"अण्णा, ती वाटी उचला. मांजराला दूध देत जाऊ नका."

आगटे सर हे म्हणाले तेव्हा पहिली पंगत बसलेली होती आणि माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. पंगतीत चाळीसेक माणसं. कोर्टातले कारकून, बँकेतले दोघं, गावातले चार-पाच एकटे म्हातारे आणि बाकी कॉलेजची मुलं. वाईत यमुताईंच्या खाणावळीत मी आचारी होतो आणि त्या वेळी मला तिथे बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत मला कुणी मीठ मागितलं होतं, कुणी पोळी गरम मागितली होती. वाढलेलं उचला, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"का? नासलंय का दूध?" मी विचारलं.

"नासलं नाही हो. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, पोट बिघडतं. खरं म्हणजे आपलं खाणं त्यांच्यासाठी नसतंच. मीठ, तेल, तिखट. आणि कांदा-लसूण तर त्यांना विषच."

"माझ्या हातचं विष?"

"कुणाच्याही हातचं, अण्णा."

दाराजवळच्या खुर्चीवर यमुताई बसलेल्या असत. खाणावळ त्यांची, वय सत्तरीला टेकलेलं, कान मात्र तिखट. त्या तिथून म्हणाल्या, "घ्या! तुमच्या स्वयंपाकाला विष म्हणणारा पहिलाच भेटला की हो, अण्णा."

अख्खी पंगत हसली. आगटे सरांचे कान लाल झाले. "तसं नाही म्हणालो मी," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी आपला डबा उचलला आणि जिना चढून वर गेले. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. जूनमध्ये बदलून आले आणि यमुताईंनी त्यांना माडीवरची खोली दिली. वय तिशीच्या आसपास, हडकुळे, बोलणं हळू. पंगतीत कधी बसले नाहीत. गलका सोसत नाही म्हणायचे आणि डबा भरून वर न्यायचे.

मी वाटी उचलली नाही. पण मांजरीनेच ती अर्धी सोडली आणि शेपूट वर करून सरांच्या मागोमाग जिना चढली. वरण वाढताना मी तिकडेच बघत राहिलो आणि एका कारकुनाच्या बाहीवर शिंतोडे उडाले.

पळी म्हणजे आमचं मांजर. शेपटीचं टोक वळलेलं, थेट वाढायच्या पळीसारखं, म्हणून मी ते नाव ठेवलं. सरपणाच्या खोलीत तिची आई तिला टाकून गेली तेव्हा ती माझ्या तळहातावर मावत होती. डोळे उघडले नव्हते. देवघरातल्या वातीसारखी वात वळून, ती दुधात बुडवून, मी तिच्या तोंडात थेंब थेंब पिळला. सोळा दिवस. यमुताई म्हणायच्या, "अण्णा, लग्न केलं असतंत तर एव्हाना नातवंडं खेळवली असतीत. आता मांजराला पाजा." मी पाजली.

आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. हे कुणी ठरवून दिलेलं नसतं, तसंच असतं. दोन पंगती उठल्या, भांडी विसळायला पडली, ओटा पुसला की अडीचच्या सुमाराला मी चुलीजवळ पाट टाकायचो. चाळीस-पन्नास माणसांना आग्रह करकरून वाढल्यावर माझं ताट माझं मीच वाढून घ्यायचं. पळी मोठी झाल्यापासून मात्र मी एकटा जेवलो नव्हतो. ती समोर येऊन बसायची. ताटाच्या डाव्या अंगाला मी पहिला घास तिचा काढायचो, वरणभात तूप घालून कालवलेला, मग माझा. चार वर्षं हा नेम चालला. तिला कधी काही झालं नाही, आणि आता हे प्राणिशास्त्रवाले मला शिकवणार!

त्या दिवसापासून ती अडीचला खाली यायची बंद झाली. सरांनी पुण्याहून पाकीट आणलं होतं. त्यात बारीक तपकिरी गोळ्या असायच्या, वास सुकटीसारखा. मी एकदा ओटा पुसायचा सोडून पाय न वाजवता जिना चढलो. दार उघडं होतं. सर टेबलाशी डबा खात होते आणि पळी टेबलावर, मुलांच्या वह्यांवर बसून, कटाकट गोळ्या चावत होती. "बाईसाहेब, सावकाश," असं सर तिला म्हणत होते. बाईसाहेब! नावसुद्धा बदललं होतं. मी खाली आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका मांजरापायी साठीला आलेल्या माणसाच्या पोटात इतकं दुखावं, हे सांगायलाही लाज वाटते. पण दुखत होतं. सरांच्या डब्यात मी मुद्दाम कालच्या पोळ्या भरल्या. भाजीत मीठ जास्त टाकलं. ते काही बोलले नाहीत, हा आणखी एक राग. पळी स्वयंपाकघरात आली की मी कढईतली साय काढून तिच्यापुढे धरायचो. ती हुंगायची, माझ्या पायाला अंग घासायची आणि जिन्याकडे निघायची.

अशात कांदेनवमी आली.

आमच्या खाणावळीत चातुर्मास पाळायचे. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत कांदा-लसूण बंद. म्हणून त्याआधीच्या नवमीला पोटभर कांदा. त्या दिवशीचं माझं जेवण तालुक्यात गाजलेलं होतं. भरले कांदे, कांद्याची पीठ पेरलेली भाजी, कांदेभात, खेकडा भजी, कांद्याची थालीपीठं आणि वर लोण्याचा गोळा. तीन पंगती उठायच्या. आणि नियम असा की एकादशीच्या आधी घरातला कांदा संपला पाहिजे, टाकायचा नाही. नवमीचं उरलेलं दशमीला खायचं आणि संपवायचं. हा नियम यमुताईंच्या सासूपासूनचा.

नवमीच्या सकाळी मी विळीवर कांदे चिरत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आगटे सर खांद्याला पिशवी लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अण्णा, मी दोन दिवस कोल्हापूरला चाललोय. प्रशिक्षण आहे. एकादशीला संध्याकाळी येईन." त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे धरलं. "हे पळीचं. नवीनच आणलंय, फोडलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ एक-एक वाटी. घालाल ना?"

त्या दिवशी ते तिला पळी म्हणाले, बाईसाहेब नाही. माझं मन राखायला असेल.

"ठेवा तिथे," मी म्हणालो.

"आणि आज सगळीकडे कांदा आहे, तेवढं जरा..."

"सांगितलंत एकदा. लक्षात आहे."

ते गेले. मी पाकीट उचललं आणि पिठाच्या डब्यामागे सरकवून दिलं.

त्या दिवशी तिसरी पंगत उठायला साडेतीन वाजले. लोकांनी बोटं चाटली. बँकेतले एकजण दारात थांबून म्हणाले, "अण्णा, वर्षाची बेगमी केलीत." एरवी मी अशा बोलण्यावर आठवडाभर खूष असायचो. त्या दिवशी माझं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. पळीने सकाळपासून चार वेळा वर जाऊन बंद दार बघितलं होतं, दारावर नखं मारली होती, माझ्याभोवती फिरून ओरडली होती. मी तिला काही घातलं नव्हतं. पाकिटातलं नाही आणि दुसरंही नाही. मला तिला भूक लागायला हवी होती.

मी पाट टाकला, ताट वाढून घेतलं, आणि ती आली! तीनेक आठवड्यांनी ती माझ्यासमोर येऊन बसली, शेपटीची पळी वळवून. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. डाव्या अंगाला मी तिचा घास काढला. कांदेभात, वर तूप.

तिने हुंगला आणि मान फिरवली.

"खा की गं," मी म्हणालो. "आज सगळ्या गावाने खाल्लाय."

ती ओरडली आणि पुन्हा जिन्याकडे बघायला लागली. त्या बघण्याने माझं डोकं फिरलं. मी उठलो, सायीचं पातेलं काढलं, कांदेभातातला कांदा बोटांनी पार चिरडून सायीत कालवला, वर लोणी घातलं. कांदा दिसेनासा झाला. मग तिने खाल्लं. आधी साय चाटली आणि मग सगळंच खाल्लं. ताटाखालची फरशीसुद्धा चाटली आणि माझ्या मांडीवर येऊन झोपली. मी उष्ट्या हाताने कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

संध्याकाळी तेच. दशमीला दुपारी उरलेली कांद्याची भाजी सायीत चिरडून, आणि रात्रीच्या पंगतीआधी पुन्हा एकदा. घरातला कांदा संपला. एकादशीला सर यायच्या आधी मी पाकीट डब्यामागून काढलं, फोडलं, चार-पाच वाट्या गोळ्या मोजून मोरीत ओतल्या आणि वरून पाणी सोडलं.

"घातलंत ना?" सरांनी आल्या आल्या विचारलं.

"हे काय, पाकीट बघा की."

"थँक्यू, अण्णा," असं म्हणून त्यांनी कोल्हापूरहून माझ्यासाठी आणलेली गुळाची ढेप ओट्यावर ठेवली.

द्वादशीला पळी दिवसभर सरपणाच्या खोलीत पडून होती. पारण्याच्या गडबडीत मी बघितलं आणि सोडून दिलं. त्रयोदशीला सकाळी ती उठेना. राखेत तिने लघवी केली होती, ती काळपट लाल होती. सरांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आमच्या ओट्यावरच्या चुन्यासारख्या.

"हे त्या गोळ्यांनी झालं!" यमुताई दारातून कडाडल्या. "चार वर्षं वरणभात खाऊन ठणठणीत होती. तुमच्या त्या पाकिटात काय भरलेलं असतं कुणाला ठाऊक. अण्णांच्या हातचं विष म्हणे!"

सर टोपली शोधायला उठले. त्यांचा चेहरा पडला. आणि मला, पळी अशी पायाशी पडलेली असताना, क्षणभर बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात रिक्षाने गेलो. टोपली मी मांडीवर धरली होती. सरकारी डॉक्टर बाहेर एका म्हशीला इंजेक्शन देत होते. हात धुऊन आले, त्यांनी पळीला उलटंसुलटं करून पाहिलं.

"रक्त पार कमी झालंय. काय खाल्लं हिने?"

"हे," सरांनी पाकीट पुढे केलं. "नवीन फोडलेलं. दोन दिवस मी नव्हतो, अण्णा घालत होते."

डॉक्टरांनी गोळ्या हुंगल्या. "दिसायला तर बऱ्या आहेत. दुसरं काही? उंदराचं औषध कुठे ठेवलेलं? कांदा वगैरे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, नवमीला चुकून कुठे सांडलेलं, उरलेलं तिने..."

"नाही," मी म्हणालो. "मी राहिलो होतो लक्ष ठेवून."

"मग गोचिडांचा ताप असेल," डॉक्टर म्हणाले. "मांजरात कमी, पण होतो. इंजेक्शन देतो, सलाइन लावतो. दोन दिवस बघू. काय खाल्लं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. आमची म्हैस बोलत नाही आणि मांजरही बोलत नाही."

परत येताना रिक्षात सर म्हणाले, "मीच आणलं हो ते पाकीट. तारीखसुद्धा बघितली नव्हती." मी रस्त्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी पंगत उठल्यावर यमुताईंनी सरांचा डबा माझ्यापुढे ठेवला. भरलेला, जसाच्या तसा. "कालही असाच आला खाली," त्या म्हणाल्या. "तो मुलगा जेवला नाहीये. वर जाऊन बघा जरा. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत."

मी डबा घेऊन वर गेलो. खोलीच्या कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीत पाकीट उलटं खुपसलेलं होतं, गोळ्या सांडल्या होत्या. सर जमिनीवर बसले होते. पळी त्यांच्या मांडीवर, पोट तेवढं भराभर वरखाली होणारं. त्यांच्या हातात वात होती, कापसाची, ओबडधोबड वळलेली. ग्लुकोजच्या पाण्यात बुडवून ते तिच्या ओठांशी धरत होते. पाणी बाहेर ओघळत होतं.

"यमुताईंनी सांगितलं," ते वर न बघता म्हणाले. "तुम्ही अशीच वाढवलीत ना हिला? मला जमत नाहीये. तुम्ही द्या, अण्णा. तुमच्या हातचं घेईल ती." आणि त्यांनी वात माझ्यापुढे केली.

माझ्या हातून ती घेववेना.

"मी कांदा दिला," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. "काय?"

"कांदा. नवमीला दोनदा, दशमीला दोनदा. तुमच्या गोळ्या मी मोरीत ओतल्या. एकही घातली नाही."

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "उरलेलं तिने खाल्लं का? तुमच्या नकळत?"

"नकळत नाही. ती खात नव्हती. मी चिरडून सायीत कालवला, दिसू नये म्हणून."

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं, अण्णा."

"सांगितलं होतंत."

"तुमचा विश्वास बसला नव्हता का?"

इथे हो म्हणता आलं असतं. अडाणी आचारी, पुस्तकातलं काय कळणार त्याला, असं म्हणून तेही मोकळे झाले असते आणि मीही. मनाशी दोन दिवस मी तेच घोकत होतो.

"बसला होता," मी म्हणालो. "थोडा तरी बसला होता. पण तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणूनच दिला. ती तुमच्याकडे यायची. मला दाखवायचं होतं, माझ्या हातचं खाऊन ती धडधाकट राहते. मग तुम्ही खोटे पडला असता आणि ती खाली आली असती."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पळीला टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलं, पायांत चपला सरकवल्या.

"मी येतो," मी म्हणालो.

"तुम्ही येऊ नका."

डॉक्टरांनी ऐकताक्षणीच पुण्याचा रस्ता दाखवला म्हणे. कांद्याने रक्त नासतं, इथे उपाय नाही, तिकडे दुसऱ्या मांजराचं रक्त चढवतात, आत्ताच्या आत्ता निघा. हे मला यमुताईंनी सांगितलं, सरांनी त्यांना स्टँडवरून फोन केला होता. ऐकून घेतल्यावर मी त्यांना बाकीचं सगळं सांगितलं. 

"मी त्या मुलाला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोलले. आता तुम्हीही सगळ्यांसमोरच सांगा."

रात्रीच्या पंगतीत, भात वाढून झाल्यावर, मी मध्ये उभा राहून सांगितलं. कांदा मी दिला, सरांच्या पाकिटाचा काही दोष नव्हता. कुणी हसलं नाही. कोर्टातले एक कारकून म्हणाले, "असू द्या अण्णा, मांजरच आहे." त्यांना मी ताक वाढलं नाही.

सहा दिवस सर पुण्याला राहिले, कुणा मित्राकडे. सातव्या दिवशी आले. टोपलीच्या झाकणातून पळीचे कान दिसत होते. पुढच्या पायावरचे केस काढलेले, तिथे सुईची खूण, अंगात हाडं तेवढी उरलेली. पण डोळे उघडे होते. सर माझ्यासमोरून जिना चढून गेले. मी "बरी आहे का?" असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरचं दार लागलं.

त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा यमुताईंच्या हातून घ्यायचे. मीठ जास्त पडत नव्हतं आता, पोळ्या ताज्या असायच्या, पण त्यांना सांगणार कोण? पळी श्रावणात अंगाने भरली, भाद्रपदात उड्या मारायला लागली. एक दिवस अडीचला खाली आली आणि माझ्या पाटासमोर बसली. जसं काही झालंच नव्हतं. मांजराला कुठे काय आठवतं! मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि उभ्याने जेवलो. चातुर्मास होता, ताटात कांदा नव्हता, वरणभाताने तिला काही झालंही नसतं कदाचित. पण माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नव्हता. रोज यायची, रोज बघायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून चार घास ढकलायचो.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं आणि घरात कांदा आला. पहिल्या दिवशी भजी करायची पद्धत. सकाळभर मी विळीवर होतो, कोपरापर्यंत हातांना वास. पंगतीने भज्यांची परात रिकामी केली. माझ्या ताटात चार उरली होती. दोन महिने उभ्याने जेवून कंबर धरली होती, म्हणून पळी आसपास नाही असं बघून मी पाट टाकला.

पहिला घास उचलला आणि गुडघ्यावर तिचा पंजा आला.

ती माझ्या बोटांशी तोंड आणत होती. साय, लोणी, कांदा, काय आठवलं असेल तिला कुणास ठाऊक, पण चाटायला जीभ बाहेर काढली होती. मी हात झटकला.

"हट्! वर जा!"

ती गेली नाही. मान तिरकी करून ओरडली, लाडात. मी ताटावर वाटी आपटली, पाय आपटला. "जा म्हणतो ना! तुझं खाणं वर आहे. इकडे यायचं नाही, पुन्हा कधी यायचं नाही!" असं मी तिच्यावर जन्मात ओरडलो नव्हतो. तिने अंग चोरलं, कान पाडले आणि जिन्याकडे धूम ठोकली. मी डोळे पुसायला हात वर नेला आणि बोटांना कांदा आहे हे आठवून तसाच खाली आणला.

जिन्याच्या खालच्या पायरीवर आगटे सर उभे होते. हातात डबा. कधीपासून उभे होते माहीत नाही.

"तुम्ही रोज असे एकटेच जेवता?" त्यांनी विचारलं.

चार महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. मी म्हणालो, "आचारी शेवटीच जेवतो."

ते थोडे घुटमळले. मग आत आले, कोपऱ्यातला पाट ओढला आणि माझ्यासमोर, पळी बसायची तिथेच, मांडी घालून बसले. डबा उघडला.

"यात भजी नाहीत," ते म्हणाले.

"थांबा, पीठ आहे. गरम काढतो."

"उठू नका हो. ताटात आहेत की."

मी माझ्या ताटातली दोन भजी उचलून त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवली. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि मी पुन्हा आचारी झालो. "मीठ बरोबर आहे?" मी विचारलं. "आहे," ते म्हणाले. "जूनमध्ये नव्हतं." आम्ही दोघं जेवायला लागलो.

पळी तिसऱ्या पायरीवर बसून आमच्याकडे बघत होती. वर वाटीत तिच्या गोळ्या भरलेल्या होत्या, पण ती जात नव्हती. सरांनी दुसरं भजं उचललं तसे तिचे डोळे बारीक झाले. ती नजर मी लगेच ओळखली. जूनमध्ये जिन्याकडे बघताना तीच नजर माझी होती.